भीतीचा उत्सव

करुणरसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्याकडील साहित्यचर्चेंत इतक्या वेळां चघळला गेला आहे कीं, त्याचें नुसतें नांव काढतांच वाचकांच्या कपाळावर आठ्या पडाव्या. परंतु त्याच्या शेजारींच उभा असलेला दुसरा प्रश्न मात्र तितक्या आवडीनें कोणी विचारलेला दिसत नाहीं. भयानकरसापासून आनंद कां व्हावा? सीतेच्या किंवा शकुंतलेच्या दुःखाशीं समरस होऊन डोळे ओले झाले, तर आपलें मन कोमल असल्याचें समाधान तरी पदरीं पडतें. पण प्रेत उठून चालूं लागलेलें पाहून अंगावर कांटा यावा, आणि तो यावा म्हणून माणसानें पदरचे पैसे खर्च करावे, यांत कसलें समाधान? भरतमुनींनीं भयानकाला आठ रसांत स्थान दिलें खरें. तथापि आमच्या रसिकांनीं त्याला नेहमींच पंक्तीच्या शेवटच्या पाटावर बसविलें आहे. या उपेक्षित रसाची एका परक्या देशांत जी चमत्कारिक प्रतिष्ठापना झाली, तिचा इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंत ऑक्टोबर महिना लागला कीं, दरवर्षीं एक अलिखित कुळाचार सुरू होतो. संध्याकाळीं दिवाणखान्यांतील दिवे मालवून सारें कुटुंब जुने कृष्णधवल बोलपट पाहावयास बसतें. 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेनस्टाईन', 'ममी', 'वुल्फ मॅन' हीं त्यांचीं नांवें. यांतील कांहीं बोलपटांस नव्वदांहून अधिक वर्षें होऊन गेलीं आहेत. त्यांत काम करणारा बहुतेक प्रत्येक मनुष्य केव्हांच मातीस मिळाला आहे. ज्या राक्षसाला पाहून पणजोबांची झोंप उडाली, त्याच राक्षसाकडे पणतू ओळखीच्या पाहुण्याकडे पाहावें तसा पाहतो. हा कुळाचार ज्या सणाच्या निमित्तानें पाळला जातो, तो हॅलोवीनचा सण ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं येतो.

हॅलोवीनचें मूळ आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्टिक लोकांच्या 'साविन' नामक जुन्या उत्सवांत शोधतात. उन्हाळा संपून काळोखाचे दिवस सुरू होण्याची ती संधिरात्र. त्या रात्रीं जिवंतांचें जग आणि मृतांचें जग यांमधील पडदा पातळ होतो, अशी समजूत होती. पुढें ख्रिस्ती धर्मानें १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरविला आणि त्याच्या पूर्वरात्रीस हें नांव मिळालें. एकोणिसाव्या शतकांत आयरिश आणि स्कॉटिश लोकांचे थवे अमेरिकेस गेले, तेव्हां हा सणही त्यांच्या गांठोड्यांतून गेला. मायदेशीं सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. अमेरिकेंत भोपळा हातास आला, तो मोठा आणि कोरावयास सोपा, म्हणून सलगमाची जागा भोपळ्यानें घेतली. मुलांनीं भुतांखेतांचीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागण्याची चाल तर फारच अलीकडची. ती तेथें १९३० नंतरच्या दशकांत पसरली, महायुद्धाच्या काळांत साखरेच्या टंचाईमुळें मंदावली आणि युद्ध संपल्यावर पुन्हां जोरानें सुरू झाली. आपल्याकडे पितृपक्षही याच सुमाराच्या थोडा आधीं येतो. आपण पितरांना जेवूं घालतों. तिकडील मुलें पितरांचें सोंग घेऊन स्वतःच खाऊ खातात. मृतांची आठवण काढण्याच्या या दोन रीतींत अंतर दिसतें तितकें मोठें नसावें.

आतां गंमत अशी कीं, ज्या बोलपटांवांचून हा सण आज सुना वाटावा, त्यांचा जन्माच्या वेळीं या सणाशीं कांहींएक संबंध नव्हता. 'ड्रॅक्युला' न्यूयॉर्कमध्यें प्रथम दाखविला गेला तो १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं. 'फ्रँकेनस्टाईन' त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आला, 'ममी' १९३२ च्या डिसेंबरांत आणि 'वुल्फ मॅन' १९४१ च्या डिसेंबरांत. या बोलपटांची व सणाची गांठ पुष्कळ पुढें, आणि तीही एका व्यापारी योगायोगानें पडली. ती हकीकत यथाक्रम येईलच.

या राक्षसांचे कारखानदार म्हणजे युनिव्हर्सल कंपनीचे संस्थापक कार्ल लेमली. जर्मनींतील लाउपहाइम या लहान गांवचा हा ज्यू मुलगा अमेरिकेंत गेला आणि १९१२ मध्यें त्यानें आपली चित्रपट-कंपनी उभी केली. मूकपटांच्या काळांतच या कंपनीला भेसूर मुखवट्याची किंमत कळली होती. १९२३ चा 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम' आणि १९२५ चा 'फँटम ऑफ द ऑपेरा' या दोन्ही चित्रांत लॉन चेनी या नटानें स्वतःच्या हातांनीं स्वतःचा चेहरा ओळखूं येईनासा केला. चेनीचे आईबाप दोघेही बहिरे होते. त्यामुळें शब्दावांचून बोलण्याची विद्या त्याला घरींच मिळाली होती. त्यानें रंगविलेल्या विद्रूप माणसांकडे पाहून प्रेक्षक आधीं दचकत आणि मागाहून हळहळत, तें या शिक्षणामुळेंच असावें. १९३० च्या ऑगस्टमध्यें तो वारला.

परंतु भयपटाची खरी शाळा जर्मनींत होती. मुर्नाउ या दिग्दर्शकानें १९२२ मध्यें ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून 'नोस्फेरातू' हा मूकपट काढला. मात्र तो परवानगी न घेतां. स्टोकर १९१२ मध्येंच वारले होते. त्यांच्या विधवा पत्नीनें हा खटला चिकाटीनें चालविला, आणि १९२५ मध्यें न्यायालयानें त्या चित्राच्या सर्व प्रति नष्ट करण्याचा हुकूम दिला. हुकूम कायद्यानें अगदीं योग्य होता. पण कांहीं प्रति इकडे तिकडे लपून राहिल्या आणि त्यांच्यामुळेंच आज जगाला एक उत्कृष्ट कलाकृति पाहावयास मिळते. या इतिहासांत असे प्रसंग वारंवार येतात. शहाण्या माणसांनीं जें नाहींसें करावयाचें ठरविलें, तें कोणाच्या तरी बेफिकिरीमुळें किंवा प्रेमामुळें वांचलें.

जर्मनींतील प्रकाशछायेची ही विद्या कार्ल फ्रॉइंड या छायालेखकाबरोबर अमेरिकेंत आली. 'मेट्रोपोलिस'च्या छायालेखकांपैकीं एक असलेल्या या गृहस्थानें १९३१ चा 'ड्रॅक्युला' टिपला आणि पुढें 'ममी'चें दिग्दर्शन केलें. ड्रॅक्युलाच्या भूमिकेंत बेला लुगोसी हा हंगेरियन नट होता. १९१९ च्या हंगेरींतील राज्यक्रांतीनंतर त्याला देश सोडावा लागला होता. अमेरिकेच्या रंगभूमीवर १९२७ पासून त्यानें हीच भूमिका गाजविली होती. परकीय वळणाचे त्याचे उच्चार हेंच तिचें भांडवल. बोलपटासाठीं त्याला आठवड्यास ५०० डॉलर, याप्रमाणें सात आठवड्यांचे ३,५०० डॉलर मिळाले. मंदीनें बेजार झालेल्या कंपनीला या चित्रानें हात दिला. नटाच्या हातीं मात्र त्या भूमिकेची बेडी तेवढी राहिली.

'फ्रँकेनस्टाईन'मधील राक्षसाची कथा याहून निराळी. मेरी शेली यांची कादंबरी १८१८ ची. तिची कल्पना त्यांना १८१६ मध्यें जिनीव्हा सरोवराच्या कांठीं सुचली. आदल्या वर्षीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन यूरोपांतील तो उन्हाळा पावसाळी व काळवंडलेला झाला होता आणि घरांत अडकून पडलेल्या मित्रमंडळींनीं भुताच्या गोष्टी रचण्याची पैज मारली होती. या राक्षसाचें काम ज्याला मिळालें, तो बोरिस कारलॉफ त्या वेळीं चव्वेचाळिशीला टेंकलेला, किरकोळ भूमिकांवर पोट भरणारा नट होता. त्याचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट. मराठी वाचकांस ऐकून नवल वाटेल कीं, या राक्षसाच्या घराण्याचा एक धागा आपल्या अहमदनगरापर्यंत—म्हणजे आतांच्या अहिल्यानगरापर्यंत—पोंचतो. सयामच्या राजवाड्यांतील शिक्षिका म्हणून प्रसिद्धीस आलेल्या अ‍ॅना लिओनोवेन्स यांचा जन्म १८३१ मध्यें तेथें झाला. त्यांची थोरली बहीण ही कारलॉफच्या आईची आई. त्याच्या अंगांत हिंदी रक्त होतें, असें त्याचे चरित्रकार सांगतात. गोऱ्या समाजांत कोठेंच पुरता न सामावणारा हा मनुष्य सावळ्या वर्णाच्या परकीयांच्या भूमिका करीत आला होता. त्याला अखेर प्रसिद्धि मिळाली ती ज्याला नांव नाहीं, गोत नाहीं आणि बोलतांही येत नाहीं, अशा जीवाच्या रूपानें. आरंभींच्या नामावळींत राक्षसाच्या नांवापुढें केवळ प्रश्नचिन्ह छापलें होतें.

जॅक पीअर्स हा रंगभूषाकार रोज कित्येक तास खपून त्या चेहऱ्याची घडण करी. तो चपटा माथा, त्या जड पापण्या आणि मानेवरील लोखंडी खिळे आतां साऱ्या जगाच्या परिचयाचे झाले आहेत. परंतु या चित्राला आत्मा दिला तो दिग्दर्शक जेम्स व्हेल यानें. हा इंग्रज गृहस्थ पहिल्या महायुद्धांत अधिकारी म्हणून लढला, १९१७ मध्यें जर्मनांच्या हातीं सांपडला आणि कैद्यांच्या छावणींत नाटकें बसवूं लागला. तेथेंच त्याला आपला धंदा सांपडला. प्रेतांच्या तुकड्यांतून सांधलेला मनुष्य त्यानें कल्पनेनें रंगविला असेल. परंतु ज्या पिढीसमोर तो उभा केला, तिनें खंदकांतून परत आलेलीं शिवलेलीं, सांधलेलीं माणसें आपल्याच गल्लींत पाहिलीं होतीं, हें विसरतां येत नाहीं.

या चित्रांतील एका प्रसंगाचा इतिहास मुद्दाम सविस्तर सांगण्याजोगा आहे. घरांतून पळालेला राक्षस एका तळ्याकांठीं येतो. तेथें एक लहान मुलगी खेळत असते. ती त्याला भीत नाहीं. ती त्याला फुलें देते आणि तीं पाण्यावर कशीं तरंगतात तें दाखविते. राक्षस प्रथमच हंसतो. फुलें संपतात, तेव्हां हें सुंदर मूलही फुलासारखेंच तरंगेल अशा समजुतीनें तो तिला उचलून पाण्यांत टाकतो. ती बुडते आणि तो घाबरून, हात चोळीत पळत सुटतो. नियंत्रक मंडळांना हा प्रसंग सहन होईना. ठिकठिकाणीं त्यावर कात्री चालली आणि चित्र पुन्हां प्रसिद्ध करतांना राक्षसानें मुलीकडे हात पुढें केल्याबरोबर दृश्य तोडण्यांत आलें. त्यानंतर प्रेक्षकांस एकदम दिसे तो मुलीचें प्रेत हातांवर घेऊन गांवांतून चालणारा बाप. मधल्या वेळांत काय घडलें, तें ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें समजावें! कात्रीनें भीति कमी करावयाची होती. तिनें एका अजाण जीवाची चूक पुसून तिच्या जागीं न बोलवणारा गुन्हा सुचविला. तुटलेला तो भाग इंग्लंडमधील संग्रहांत सांपडून १९८० नंतरच्या दशकांत मूळ जागीं परत बसविला गेला. म्हणजे जवळजवळ अर्धें शतक हा राक्षस न केलेल्या पापाचा धनी होऊन पडद्यावर वावरला.

पहिली लाट फार टिकली नाहीं. १९३४ पासून हॉलिवुडची आचारसंहिता कडक झाली. १९३६ मध्यें लेमली पितापुत्रांच्या हातून कंपनी गेली, आणि नव्या मालकांनीं राक्षसांना रजा दिली. परंतु १९३८ च्या ऑगस्टमध्यें लॉस एंजलीस भागांतील एका लहानशा चित्रगृहानें जुना 'ड्रॅक्युला' आणि जुना 'फ्रँकेनस्टाईन' एकाच खेळांत लावले. लोकांची अशी झुंबड उडाली कीं, कंपनीनें हीं चित्रें देशभर पुन्हां दाखविलीं आणि पुढल्याच वर्षीं 'सन ऑफ फ्रँकेनस्टाईन' काढला. समीक्षकांनीं कोणी शिफारस केली नव्हती. प्रेक्षकांनीं आपला कौल पायांनीं दिला.

दुसऱ्या पर्वांतील 'वुल्फ मॅन' हा पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांत, १९४१ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला. त्याचा लेखक कर्ट सिओडमाक हा ड्रेस्डेनचा ज्यू. नाझींचें राज्य येतांच त्यानें जर्मनी सोडली होती. या कथेंत एक सज्जन मनुष्य आपल्या इच्छेविरुद्ध लांडगा बनतो आणि ज्याचा बळी जावयाचा, त्याच्या तळहातावर त्याला तारा दिसतो. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत जर्मनींतील ज्यूंवर छातीवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली होती. या दोन ताऱ्यांची सांगड घालणारे टीकाकार आहेत. ती लेखकानें जाणूनबुजून घातली असो वा नसो, शेजारीपाजारी पाहतां पाहतां हिंस्र पशु होतात हा अनुभव त्याला कोणाकडून उसना घ्यावा लागला नसेल. या बोलपटांतील लांडग्याविषयींचें पद्य जुनें लोकगीत आहे असें पुष्कळ लोक आजही समजतात; तें सिओडमाकनें स्वतः रचलेलें आहे. लेखकाला याहून मोठी पदवी ती कोणती?

१९४८ मध्यें अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रांत हे सर्व राक्षस हंसण्यासाठीं एकत्र आणले गेले. भीतीचा विषय थट्टेचा झाला म्हणजे त्याचें आयुष्य संपलें, असें कोणासही वाटलें असतें. परंतु येथेंच तो व्यापारी योगायोग घडला. १९५७ च्या ऑक्टोबरांत स्क्रीन जेम्स या कंपनीनें युनिव्हर्सलच्या जुन्या ५२ चित्रांचा एक गट 'शॉक!' या नांवानें टेलिव्हिजन-केंद्रांना भाड्यानें दिला. रात्रीं उशिराचे रिकामे तास स्वस्तांत भरून काढावयाचे, एवढाच हिशेब. गांवोगांवच्या केंद्रांनीं चित्रापूर्वीं भेसूर पोशाखांत येऊन थट्टामस्करी करणारे सूत्रधार नेमले. लॉस एंजलीसमध्यें माइला नुर्मी या नटीनें 'व्हँपायरा' या नांवानें १९५४ मध्येंच ही वाट पाडली होती. फिलाडेल्फियांतील जॉन झाकर्ली तिच्याच वाटेनें लोकप्रिय झाला. शिकागोंतील 'स्वेंगूली'ची परंपरा तर १९७० च्या सुमारास सुरू होऊन नव्या शतकांत देशभर पोंचली. जें चित्र पाहण्यासाठीं पूर्वीं काळोख्या चित्रगृहांत जावें लागे, तें आतां घरांत, आईच्या कुशींत बसून पाहतां येऊं लागलें. सण मुलांचा होता, राक्षसही मुलांचे झाले, आणि दोघांची गांठ पडली ती कायमची.

मात्र ज्यांनीं हे राक्षस घडविले, त्यांपैकीं दोघांना हें दृश्य पाहावयास मिळालें नाहीं. लुगोसी १६ ऑगस्ट १९५६ रोजीं व्यसनानें आणि दारिद्र्यानें खंगून वारला. ड्रॅक्युलाच्या अंगरख्यांतच त्याला पुरलें. जेम्स व्हेलनें आजारीपणाला कंटाळून २९ मे १९५७ रोजीं आपल्याच घरच्या तलावांत जीव दिला. चारपांच महिन्यांनींच त्याची कलाकृति अमेरिकेंतील लाखों घरांत शिरली. कारलॉफ मात्र १९६९ पर्यंत जगला. नटांची संघटना उभारण्यांत १९३३ सालीं पुढाकार घेणाऱ्यांपैकीं तो एक होता, आणि त्या मुक्या राक्षसाविषयीं तो अखेरपर्यंत कृतज्ञतेनें बोलत असे. लुगोसीच्या वारसांनीं त्याच्या चेहऱ्याच्या व्यापारी उपयोगाविरुद्ध खटला भरला. १९७९ मध्यें कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क नटाच्या मृत्यूबरोबर संपतो असा निकाल दिला. पुढें कायदा बदलला. पण ज्याच्या चेहऱ्यानें इतके मुखवटे विकले गेले, त्याला त्याचा लाभ झाला नाहीं. १९९७ मध्यें अमेरिकेच्या टपाल खात्यानें या राक्षसांचीं पांच तिकिटें काढलीं. राष्ट्रीय चित्रपट-सूचींत 'फ्रँकेनस्टाईन' १९९१ मध्यें आणि 'ड्रॅक्युला' २००० मध्यें दाखल झाला. मान मिळाला, पण तो मुखवट्यांना.

जीं चित्रें लोकांच्या नजरेआड झालीं, त्यांची गत काय झाली, हेंही पाहण्यासारखें आहे. चेनीचा १९२७ चा 'लंडन आफ्टर मिडनाइट' एका कंपनीच्या कोठारांतील आगींत जळाला आणि आतां त्याचीं कांहीं स्थिरचित्रेंच उरलीं आहेत. युनिव्हर्सलनें १९४८ मध्यें आपल्या बहुतेक मूकपटांच्या प्रति स्वतःच नष्ट केल्या. त्यांना कोणी विचारीत नव्हतें, एवढाच त्यांचा अपराध. चित्रपट फितीवर असतो ही समजूत अपुरी आहे. पाहणाऱ्यांनीं दरवर्षीं त्याची विचारपूस केली, तरच कोणी तरी फीत जपून ठेवतो.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. कै. न. चिं. केळकरांनीं काव्यानंदाच्या संबंधांत सविकल्प समाधीची जी उपपत्ति मांडली, ती येथें चांगली लागू पडते. आपलें आपलेपण न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरण्यांत आनंद असेल, तर भयपटाचा प्रेक्षक एकाच वेळीं पाठलाग होणारा मनुष्य आणि उबदार पांघरुणांत सुरक्षित बसलेला मनुष्य असतो. परंतु यावर आक्षेप असा येईल कीं, नव्वद वर्षांच्या जुन्या राक्षसाला आज भितो कोण? आजचीं मुलें याहून शतपट भीषण दृश्यें सहज पाहतात. मग हा कुळाचार चालतो कशाच्या बळावर?

मला वाटतें, भय हा या चित्रांतील संचारी भाग होता, स्थायी नव्हता. भयाचा रंग काळानें उडाला आणि खालचा करुणाचा रंग वर आला. आपल्या आधींच्या पिढीनें ज्याला राक्षस म्हटलें, त्याच्या बाजूनें पाहण्याची संवय हीं चित्रें घरबसल्या लावतात. आणि ज्यांनीं तीं घडविलीं, ते निर्वासित, कैदी आणि परके स्वतः त्याच बाजूचे होते. तळ्याकांठचा प्रसंग आला म्हणजे एखादें मूल मध्येंच विचारतें कीं, यानें तिला मुद्दाम बुडविलें का? पन्नास वर्षें या प्रश्नाचें खरें उत्तर देण्याची सोय नव्हती, कारण उत्तर कापून ठेवलें होतें. आतां शेजारीं बसलेल्या वडील माणसाला तें देतां येतें: नाहीं, बाळ, त्याला वाटलें, ती फुलासारखी तरंगेल.